तिरप्या उन्हातली रेघ

भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं की वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षाचा बहुतेक काळ ते पाण्याखाली असतं. मग मे महिन्यात एखाद्या दिवशी भोरच्या बाजारात कोणीतरी सांगतं, "देऊळ दिसाय लागलंय," आणि गाड्या निघतात. भेगाळलेल्या गाळावरून चालत लोक दर्शन घेतात, दगडी भिंतीपुढे उभं राहून फोटो काढतात. मृगाचे चार पाऊस झाले की पाणी पुन्हा चढायला लागतं. 'पुढच्या महिन्यात सावकाश येऊ' हे इथे चालत नाही. जे बघायचं, मोजायचं, ते त्या थोड्या दिवसांत.

दगडावरच्या कोरीवकामाचंही असंच असतं, फक्त त्याची मुदत दिवसांची नसून मिनिटांची असते. भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही जुन्या गावात (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडातली सवय अजून गेलेली नाही) देवळापुढे किंवा पाराखाली एखादा वीरगळ टेकवून ठेवलेला असतो. दुपारी बाराला त्याच्यापुढे उभं राहा. झिजलेला काळा दगड, वर शेंदराचा थर, बाकी काही नाही. संध्याकाळी ऊन आडवं आलं की त्याच दगडावर खाली पडलेला वीर दिसतो, त्याच्या वरच्या चौकटीत लढाई, तिच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि अगदी माथ्याला शिवलिंगाची पूजा. घोड्याचा पाय, ढालीची गोल कड, सगळं पाच-दहा मिनिटं उठून दिसतं. दिवेलागण झाली की दगड पुन्हा मुका.

यामागे शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित आहे. कोरीव रेघ आपल्याला रेघ म्हणून दिसत नाही, तिची सावली दिसते. तीन सेंटीमीटर खोल खाच घ्या. सूर्य क्षितिजापासून 60 अंश वर असेल तर तिच्या काठाची सावली पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास पडेल. तोच सूर्य 10 अंशांवर उतरला की सावली 17 सेंटीमीटर लांबते, म्हणजे एवढ्या रुंदीपर्यंतची अख्खी खाच काळोखाने भरून जाते. शिवाय उन्हाची दिशा हवी रेघेला आडवी. रेघेच्या समांतर येणारं ऊन तिच्यातून नुसतं वाहून जातं. म्हणून एका संध्याकाळी दिसलेली आकृती कधीच पूर्ण नसते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रेघा त्या दिवशी लपलेल्याच राहतात.

वीरगळ फार तर हजारेक वर्षांचे. ज्या चित्रांसाठी हे प्रकरण लिहायला घेतलं ती त्याहून फार जुनी आहेत आणि ती बघायला भोरहून वरंधा घाट उतरावा लागतो. घाटाच्या वर आपल्या बाजूला काळा बेसाल्ट. खाली महाडवरून दक्षिणेला रत्नागिरी-राजापूरकडे सरकलं की जमीन तांबडी होते आणि पायाखाली जांभा येतो. पाचगणीच्या टेबललँडवर जो तांबूस, भोकाभोकांचा दगड बघितलाय तोच. कोकणात त्याची मैलोन्‌मैल सपाट पठारं आहेत. गावकरी त्याला सडा म्हणतात, कातळ म्हणतात. झाड नाही, सावली नाही, पावसाळ्यात हिरवं गवत आणि एरवी तापलेला तवा. या कातळावर माणसं, हत्ती, वाघ, मासे, कासवं, पक्षी आणि काही केल्या ओळखू न येणाऱ्या चौकटीचौकटींच्या आकृत्या आडव्या कोरून ठेवलेल्या आहेत. लेण्यात मूर्ती भिंतीवर असते, मान वर करून बघायची असते. इथे चित्र जमिनीवर पसरलेलं आणि आपण त्याच्यावर उभे. कातळशिल्प हा शब्द आता रूढ झालाय. गावातली म्हातारी माणसं पांडवांकडे बोट दाखवून मोकळी होतात, कारण महाराष्ट्रात न उलगडणाऱ्या प्रत्येक दगडी कामाचा ठेका पांडवांकडेच असतो.

रत्नागिरीजवळच्या निवळीची आकृती आधीपासून ठाऊक होती. पण सडे पद्धतशीर पिंजून काढण्याचं काम 2012 पासून सुरू झालं, तेही कुठल्या सरकारी मोहिमेने नव्हे. सुधीर रिसबूड हे अभियंते, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई, ही निसर्गात भटकणारी मंडळी गावोगाव जाऊन विचारत सुटली. त्यांचं सगळ्यात उपयोगी साधन कॅमेरा नव्हता. ते होते गुराखी. सड्यावर रोज गुरं नेणाऱ्याला कुठल्या गवताखाली 'चित्र' आहे हे माहीत असतं, फक्त त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. या शोधातून हजाराहून जास्त आकृत्या नोंदल्या गेल्या. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

कशेळीचा हत्ती यातला सगळ्यात मोठा, सुमारे 18 मीटर बाय 13 मीटर. आकडा वाचताना तो डोळ्यांपुढे येत नाही. तीन बीएचके फ्लॅट या हत्तीच्या पोटात आरामात मावेल आणि त्या पोटात खरोखरच आणखी कितीतरी लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. जमिनीवर उभ्या माणसाला तो हत्ती एका नजरेत दिसूच शकत नाही. सोंडेजवळ उभं राहिलं तर शेपूट गवतात. मग ज्याने कोरला त्याने तो बघितला कुठून, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. मला त्याहून साधा प्रश्न पडतो: आपण त्याची नोंद कशी करणार?

आजवर ती हाताने होत आली. दगडावर कागद ठेवून ठसा घ्यायचा, पारदर्शक कागद पसरून गिरवायचं, किंवा समोर बसून चित्र काढायचं. भारतात या कामाचं सगळ्यात मोठं नाव विष्णु श्रीधर वाकणकर. नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस 1957 च्या सुमारास भोपाळ-इटारसी मार्गावरून रेल्वेने जात असता डोंगरातले खडक बघतो, उतरून चालत जातो आणि प्राचीन चित्रांनी भरलेलं भीमबेटका जगापुढे येतं. वाकणकर स्वतः चित्रकार होते. शैलाश्रयांत, म्हणजे खडकांच्या नैसर्गिक आडोशांत, बसून त्यांनी आयुष्यभर हजारो आकृत्या उतरवून घेतल्या. त्यांच्यानंतर यशोधर मठपाल पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून संशोधनासाठी तिथे गेले आणि त्यांनी भिंतींच्या जलरंगात नकला केल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1984 साली आलं. या दोघांच्या वह्या आजही मोलाच्या आहेत, कारण त्यांनी बघितलेला रंग नंतर काही ठिकाणी आणखी फिका झाला.

पण हाताने काढलेल्या नकलेत एक अडचण असते आणि ती काढणाऱ्याच्या प्रामाणिकपणाशी संबंधित नाही. नक्कल करताना प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं: ही रेघ माणसाची की दगडाची चीर? ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे जात नाही. म्हणजे नोंद आणि अर्थ एकाच हालचालीत कागदावर येतात आणि नंतर बघणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत. फ्रान्समधल्या ले त्र्वा-फ्रेर गुहेतला 'मांत्रिक' हे याचं गाजलेलं उदाहरण. 1914 साली सापडलेल्या या गुहेतल्या आकृतीचं आंरी ब्रई यांनी चित्र काढलं, त्यात माणसाच्या डोक्यावर सांबरासारखी फाटे फुटलेली शिंगं आहेत. ते चित्र जगभरच्या पुस्तकांत छापलं गेलं. पुढे रोनाल्ड हटन या इतिहासकाराने शंका काढली, की फोटोत तर शिंगं दिसत नाहीत. त्यावर गुहाचित्रांचे जाणकार जाँ क्लोत म्हणाले, मी कितीदा जाऊन बघितलंय, शिंगं आहेत, पण ती रंगाने काढलेली नसून बारीक कोरलेली आहेत आणि फोटोत येत नाहीत. म्हणजे चित्र खोटं की फोटो अपुरा, यावर विद्वानांची जुंपली. दोन्ही बाजू एकाच गोष्टीने हैराण होत्या: एक फोटो म्हणजे एकाच दिशेने पडलेला एकच उजेड.

डिजिटल पद्धतींनी जे साधलं ते इथे. सुंदर फोटो मिळाला, मोठा फोटो मिळाला, हे दुय्यम. मुख्य म्हणजे आधी ठरवायची सक्ती गेली.

त्यातली पहिली पद्धत फोटोग्रामेट्री. नाव जड आहे, कल्पना जुनी. 1858 साली आल्ब्रेश्ट मायडेनबावर नावाचा तरुण जर्मन वास्तुविशारद वेट्झलारच्या चर्चची मोजमापं घेत असताना उंचावरून पडता पडता वाचला आणि त्याने ठरवलं, की यापुढे भिंतीवर चढायचं नाही, फोटोवरून मापं काढायची. तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचंच आहे. दोन जागांवरून बघितलं की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून मेंदू अंतर काढतो. आता दोन डोळ्यांऐवजी शंभर फोटो घ्या. संगणक प्रत्येक फोटोत ओळखीचे ठिपके शोधतो, जांभ्यातलं एखादं भोक, दगडफुलाचा डाग, आणि तोच ठिपका बाकीच्या फोटोंत कुठे गेला ते बघून कॅमेरा कुठे उभा होता हे उलट हिशेबाने काढतो. मग प्रत्येक ठिपक्याची उंची ठरते. लाखो ठिपके मिळून कातळाचा हुबेहूब त्रिमितीय नमुना तयार होतो.

कशेळीच्या हत्तीला किती फोटो लागतील याचा हिशेब घरबसल्या करता येतो. कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा आहे आणि आपल्याला एक ठिपका म्हणजे एक मिलिमीटर हवा, असं धरू. मग एका फोटोत 6 बाय 4 मीटर जमीन येईल. शेजारच्या फोटोंत साधारण 70 टक्के भाग सामाईक हवा, नाहीतर संगणकाला ओळख पटत नाही. म्हणजे एका बाजूला 1.8 मीटर आणि दुसऱ्या बाजूला 1.2 मीटर सरकून पुढचा फोटो. कडेला थोडी जागा सोडून 20 बाय 15 मीटरचा चौकोन धरला तर नऊ-दहा रांगा, रांगेत नऊ फोटो, एकूण नव्वदच्या आसपास. ड्रोनला हे काही मिनिटांचं काम. हाताशी ड्रोन नसेल तर लांब काठीला कॅमेरा बांधूनही जमतं, घाम मात्र गाळावा लागतो.

या फोटोंसाठी उजेड कसा हवा, हे नवख्याला उलटं वाटतं. इथे तिरपं ऊन नको. सावल्या सरकल्या की संगणक फसतो. त्याला ढगाळ, मऊ, सगळीकडून सारखा उजेड आवडतो, म्हणजे नेमका तो उजेड ज्यात आपल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. सावल्या नंतर पाडायच्या असतात. नमुना तयार झाला की संगणकात खोटा सूर्य हवा तिथे ठेवता येतो: उत्तरेला, दक्षिणेला, क्षितिजापासून पाच अंशांवर. उत्तरेचं ऊन आपल्या कातळावर निसर्ग बहुतेक देतच नाही, संगणक देतो. सावलीच नको असेल तर खोलीप्रमाणे रंग भरता येतात. सड्याचा स्वतःचा हलका उतार आधी वजा करायचा, मग जे खड्डे उरतात ते खोदकामाचे. निदान तसं वाटतं. जांभा हा मुळातच चाळणीसारखा दगड. हजार भोकांत एक कोरीव रेघ शोधायची, तर संगणकही डोकं खाजवतो. इथे रेघेची सलगता उपयोगी पडते. भोक गोल असतं आणि संपतं, खाच पुढे चालत राहते.

एक बारकावा सांगायलाच हवा. देवाचे गोठणे इथे कातळावर कोरलेल्या मानवाकृतीजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे वळते. तिथे जाणारा प्रत्येक जण हा खेळ करून बघतो, आणि मग गूढ शक्तींच्या गप्पा सुरू होतात. जांभ्यात लोह भरपूर असतं, तेवढं लक्षात ठेवलेलं पुरे. पण नोंद करणाऱ्यासाठी यात धडा आहे: नकाशावर उत्तर दिशा नुसत्या होकायंत्राने दाखवू नका. ड्रोनच्या पोटातही होकायंत्रच असतं. जमिनीवर खुणा ठेवून त्यांची जागा उपग्रहावरून पक्की करावी आणि फोटोत मोजपट्टी ठेवावी. मोजपट्टी नसलेला हत्ती किती मोठा हे संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी तो तळहाताएवढाही असू शकतो.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण ती आपल्या वीरगळाच्या संध्याकाळचीच पुढची पायरी आहे. तिचं आखूड नाव आरटीआय. आपल्याकडे आरटीआय म्हटलं की तहसील कचेरीतला माहितीचा अर्ज आठवतो, आणि हाही दगडाकडे टाकलेला माहितीचा अर्जच आहे. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी 2001 साली तिचा पाया घातला. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बांधायचा, तो शेवटपर्यंत हलता कामा नये. दगडाशेजारी एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा. मग फ्लॅश हातात घेऊन दगडाभोवती अर्धगोलात फिरायचं, दर वेळी वेगळ्या दिशेने उजेड टाकायचा, चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे. अंतर सारखं राहावं म्हणून फ्लॅशला एक दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक दगडापाशी धरायचं. कोट्यवधींच्या विज्ञानात ही सुतळी बघून बरं वाटतं.

काळा गोळा कशाला? त्याच्यावर फ्लॅशचा पांढरा ठिपका उमटतो. ठिपका गोळ्यावर कुठे आहे त्यावरून उजेड कुठून आला ते अचूक कळतं. आता दगडावरचा एकच कण घ्या. पन्नास फोटोंत तो कधी उजळतो, कधी काळवंडतो. कुठल्या दिशेच्या उजेडात तो सगळ्यात जास्त चमकला हे कळलं की त्या कणाचं तोंड कुठे आहे ते कळतं. असं प्रत्येक कणाचं. मग पडद्यावर माऊस फिरवला की दगडावर उजेड फिरतो, जणू आपण टॉर्च घेऊन त्याच्याभोवती चाललोय. दगडाचा रंग काढून टाकून नुसता पृष्ठभागही बघता येतो. शेंदराचा डाग, शेवाळाचा काळा पट्टा, पक्ष्याची विष्ठा, सगळं पुसलं जातं आणि खोदकाम उरतं. 'मांत्रिका'च्या शिंगांसारखा वाद यापुढे कुणाचा शब्द खरा यावर अडून राहायला नको. ज्याला शंका आहे त्याने स्वतः उजेड फिरवून बघावा.

गोळ्याची ही युक्ती 2006 साली पोर्तुगालमधल्या कोआ खोऱ्यात, नदीकाठच्या अश्मयुगीन कोरीव चित्रांवर आकाराला आली. कोआची गोष्ट धरणांच्या तालुक्यातल्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. तिथे नदीवर मोठं धरण बांधायला घेतलं होतं. 1994 च्या अखेरीस बातमी फुटली, की बुडणाऱ्या खोऱ्यात घोडे, रानबैल, रानबकरे कोरलेले खडकच्या खडक आहेत. शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. 'चित्रांना पोहता येत नाही' ही त्यांची घोषणा होती. 1995 साली सरकार बदललं, नव्या सरकारने काम थांबवलं आणि 1998 मध्ये ते खोरं जागतिक वारसा झालं. धरण झालंच नाही. भाटघर बांधलं गेलं तेव्हा कोणी कांबरेश्वराला पोहता येतं का, असं विचारलं नव्हतं. त्या काळी तो प्रश्नच कुणाला सुचला नसता.

आतापर्यंतचं सगळं खोदलेल्या चित्रांबद्दल. रंगवलेल्या चित्रांची गोष्ट निराळी. तिथे खोली नसते, सावली पाडून उपयोग नाही. अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सोबत्यांना 2007 साली महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या सीमेवर, सातपुड्यातल्या धारूळजवळ चित्रांनी भरलेले शैलाश्रय सापडले. पुन्हा हौशी माणसंच. अशा भिंतीवर गेरूचा रंग इतका फिका झालेला असतो, की डोळा आणि दगड यांच्यात तो हरवतो. त्यासाठी जॉन हार्मन या अमेरिकन गणितज्ञाने 2005 मध्ये डीस्ट्रेच नावाची प्रणाली लिहिली. तिचं गणित मुळात उपग्रहांनी काढलेल्या चित्रांतले खडक वेगळे ओळखायला तयार झालेलं. फोटोतले लाल, हिरवा, निळा हे तीन रंग बहुतेक वेळा हातात हात घालूनच कमी-जास्त होतात. डीस्ट्रेच त्यांचे हात सोडवते, जो सूक्ष्म फरक उरला तो ताणून मोठा करते. साध्या फोटोत जिथे मळकट भिंत दिसत होती तिथे लालभडक हरणांचा कळप धावायला लागतो. पहिल्यांदा बघणारा माणूस ओरडतोच.

आणि तिथेच सावध व्हायचं. ही प्रणाली गेरू आणि लोहाचा साधा डाग यांच्यात भेद करत नाही. भिंतीवर पाण्याचा ओघळ असेल तर तोही लालभडक होईल आणि ज्याला हरीण हवंय त्याला त्यात हरीण दिसेल. जुन्या चित्रकाराच्या पेन्सिलीतला पूर्वग्रह आता पडद्यापुढच्या माणसाच्या डोळ्यात सरकला. फरक इतकाच, की मूळ फोटो शाबूत आहे आणि दुसऱ्याला तो पुन्हा तपासता येतो. म्हणून मी तरी ताणलेल्या रंगांच्या चित्राशेजारी साधा फोटो छापलेला नसेल तर त्या चित्रावर विश्वास ठेवत नाही.

फोटोवर किती भरवसा ठेवावा याचा किस्सा भीमबेटकातच घडला. 2020 च्या मार्चमध्ये तिथे गेलेल्या भूवैज्ञानिकांना एका गुहेच्या छतापाशी पानासारखा, शिरा असलेला ठसा दिसला. तो डिकिन्सोनिया या पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या सजीवाचा जीवाश्म असल्याचा शोधनिबंध 2021 साली आला. ठसा उंचावर असल्याने निबंधाचा आधार मुख्यतः फोटोंचा होता. जगभर बातम्या झाल्या. पुढे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष तिथे गेले. आधीच्या फोटोंनंतरच्या काळात त्या 'जीवाश्मा'ची चक्क पोपडे उडून पडझड झालेली होती. शेजारी तशीच आणखी मोहोळं लटकत होती. पन्नास कोटी वर्षं टिकलेला जीवाश्म दोन-तीन वर्षांत गळून पडत नाही. ते आग्या मोहोळाच्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ लेखकांनी चूक मोकळेपणाने मान्य केली, ही त्यांची मोठी गोष्ट. पण रानात मध काढणाऱ्या कुणालाही आधी विचारलं असतं तर काम झालं असतं, असं मला वाटतं. कोकणात गुराख्याला विचारलं गेलं, म्हणून तिथे आधी चित्रं मिळाली आणि मग ड्रोन उडाला.

हा क्रम आता उलटाही होऊ शकतो. पेरूच्या नास्का वाळवंटात जपानच्या यामागाता विद्यापीठाने आयबीएमच्या मदतीने हवाई छायाचित्रांवरून आकृत्या ओळखायला संगणकाला शिकवलं आणि त्याने सुचवलेल्या जागा पायी जाऊन तपासल्या. सहा महिन्यांत 303 नव्या आकृत्या मिळाल्या. हा निबंध 2024 साली आला. आपल्या सड्यांवर हे तसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. नास्कात पाऊस जवळजवळ नाही. इथे चार महिने कातळ धुतला जातो, खाचांत माती बसते, मातीत गवत धरतं आणि चित्र झाकून जातं. दसरा-दिवाळीनंतर गवत वाळल्यावर कामाला सुरुवात करावी लागते.

नोंदीचा उपयोग फक्त जपण्यासाठी नाही, वाचण्यासाठीही आहे. कोकणातल्या आकृत्यांत गेंडा आणि पाणघोडा ओळखल्याचं अभ्यासक सांगतात. हे प्राणी आज तिथे नाहीत. पाणघोडा तर भारतातून हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. दुसरीकडे, या चित्रांत नांगर नाही, पीक नाही, शेतीची कुठलीही खूण नाही. यावरून ती शिकार-मासेमारीवर जगणाऱ्या लोकांची, दहा हजार वर्षांच्या आसपासची असावीत असा अंदाज मांडला गेला. दगडावरची रेघ कधी कोरली हे सांगणारं थेट घड्याळ अजून कुणाकडे नाही. म्हणजे बराचसा डोलारा त्या प्राण्यांच्या ओळखीवर उभा. आणि ओळख कशावर? नाकावरची ती टोकदार रेघ शिंग आहे की जांभ्याची चीर, यावर. खाचेचा आडवा छेद काढला तर कोरलेली खाच साधारण सारख्या खोलीची, काठ उतरते. चीर वेडीवाकडी, कधी अरुंद खोल, कधी नुसती वरवरची. असा छेद पूर्वी दगडाला हात लावून, साचा घेऊन काढावा लागे. आता नमुन्यावर माऊसने रेघ ओढली की मिळतो. गेंड्याच्या शिंगावर वाद घालायचा असेल तर तो या छेदावर घालावा.

जांभ्याला बाजारात भाव आहे, ही यातली खरी काळजी. कोकणातली घरं चिऱ्याची, चिरे सड्यावरून निघतात आणि चिरेखाणीचं यंत्र एका दुपारी जेवढा कातळ कापतं तेवढ्यावर कितीतरी आकृत्या मावतात. बहुतेक सडे खासगी मालकीचे. बारसूला तर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या प्रस्तावामुळे 2023 मध्ये माती परीक्षणावरून मोठं आंदोलन झालं आणि त्या गदारोळात कातळशिल्पांचं नाव प्रथमच घरोघरी पोचलं. तिथल्या एका शिल्पात मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना एकेक वाघ आहे. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, त्रिमितीय नोंद झालीय ना, मग दगड गेला तरी काय बिघडलं. मला हे पटत नाही. फाइलमध्ये दगडावरचं ऊन येईल, पण त्याच्या खालची माती, शेजारचं पाण्याचं तळं, त्या जागेवरून दिसणारा समुद्र येणार नाही आणि उद्या कुणी वय काढायची रीत शोधलीच तर तिला फाइल नव्हे, दगडच लागेल. उक्षीच्या हत्तीभोवती कठडा उभा राहिला, ही या बाबतीतली शहाणपणाची गोष्ट.

फाइलींचंही आयुष्य बघा. वाकणकरांचा कागद अजून वाचता येतो. दहा वर्षांपूर्वीची सीडी माझ्याकडे आहे, ती घालायला खोबण असलेला संगणक नाही. नमुना कितीही देखणा असो, मूळ फोटो ठेवलेले नसतील तर पुढच्या पिढीच्या चांगल्या प्रणालीला ते पुन्हा रांधता येणार नाहीत. मूळ फोटो, मोजपट्टी, तारीख, कॅमेऱ्याची माहिती, हे सगळं निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावं लागतं. या कामात कौतुक कुणी करत नाही.

सुरुवात करायला कोकणातच जायला हवं असं नाही. तुमच्या गावच्या वीरगळावर पाणी ओतू नका, रेघा उठाव्यात म्हणून खडू फिरवू नका. खडूने फिरवलेली रेघ तुमची असते, शिल्पकाराची नसते आणि पुढच्याला ती पुसताही येत नाही. रात्री टॉर्च घेऊन जा. मोबाइल विटेवर टेकवून पक्का करा, शेजारी शाळेतली पट्टी ठेवा आणि एकाने टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. आठ दिशांचे आठ फोटो. घरी येऊन ते एकामागून एक बघा. त्या चौकटीत किती माणसं आहेत याचा तुमचा आकडा बदलेल.

आणि पुढच्या मे महिन्यात कांबरेश्वराला गेलात, तर स्वतःचा फोटो काढून झाल्यावर देवळाला एक फेरी मारा, दर दोन पावलांवर एक फोटो घेत. ऊन मावळल्यावर पण अंधार पडायच्या आधी घ्या, सावल्या नसतील अशा वेळी. पाणी चढायच्या आत.